पाय दिसू द्या

गोवळकोंड्याचा राजा आपल्या मुलीचं लग्न एका शूर सरदाराशी ठरवतो. सरदाराचं मन मात्र देवळातल्या नर्तकीवर जडलेलं. साखरपुड्याच्या दरबारात नेमकं तिलाच नाचायला बोलावतात. नाचता नाचता तिच्या हाती फुलांची करंडी येते आणि करंडीत दडवलेला साप तिला डसतो. देवळाचा मुख्य पुजारी विषावरचा उतारा पुढे करतो. सरदार दुसरीच्या शेजारी उभा असलेला पाहून ती उतारा नाकारते आणि कोसळते. जत्रेतल्या तंबूत सहज खपेल असं हे कथानक ४ फेब्रुवारी १८७७ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर पहिल्यांदा आलं. बॅलेचं नाव ‘ला बायादेर’. तो बसवणारे मारियुस पेतिपा जन्माने फ्रान्सच्या मार्सेयचे, कर्माने रशियाचे. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीहून गोवळकोंडा मुंबईपेक्षा जवळ आहे. पण गोवळकोंड्याची ही गोष्ट नाचून दाखवलेली पाहायची, तर आर्णीकराला मोबाइलच्या वीतभर पडद्याशिवाय सोय नाही. अरुणावतीच्या काठचं, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याची यात्रा आणि २० मार्च २०१४ रोजी तालुक्यातल्या दाभडीत झालेली नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’, एवढ्यावर बाहेरच्यांची आर्णीची ओळख संपते. रेल्वे नाही. यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, तिथून नागपूर आणखी दीडशे. अशा गावात कुणाला बॅलेचं वेड असेल, हे ऐकून पहिल्यांदा हसू येईल. पण विदर्भातल्या गावांत कोरियन मालिकांवर जीव टाकणाऱ्या मुली आहेत, युरोपातल्या फुटबॉल क्लबांसाठी रात्र जागवणारी पोरं आहेत. मग दुकानाचं शटर ओढल्यावर कानात इअरफोन घालून ‘स्वान लेक’चा दुसरा अंक पाहणारा एखादा औषधविक्रेता किंवा वह्या तपासून झाल्यावर ‘जिझेल’ लावणारी एखादी शिक्षिका का नसावी?

अशा बॅलेवेड्याचं रोजचं दुखणं बाहेरच्यांना वाटतं ते नसतं. बॅले गावात येत नाही, ही त्याची पहिली तक्रार नव्हे. ते त्याने केव्हाच मान्य केलेलं असतं. त्याची तक्रार याहून साधी आहे. नाचणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. ना मोबाइलवर, ना शाळेच्या गॅदरिंगमध्ये, ना नवरात्रातल्या मांडवात. आणि ही तक्रार एकट्या बॅलेवाल्याची नाही. लावणीचा शौकीन, कथक शिकणारी मुलगी, तांड्यावरच्या नाचाला मन लावून बसणारी आजी, सगळ्यांची तीच आहे. तालुक्याच्या गावात तिच्यावर उपाय करता येतो, तो फार महाग नाही आणि तो व्हायला हवा, एवढंच या लेखाचं म्हणणं.

आधी घरातला वैताग. मोबाइलवर नाच सुरू असतो, कुणीतरी खांद्यावरून डोकावतं आणि विचारतं, ‘‘काय बावा, हे मानसं लेगीन घालून काहून नाचून राह्यले?’’ उत्तर सोपं आहे. गुडघा ताठ आहे का, मांडी कंबरेपासून बाहेर वळली आहे का, हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे म्हणून. सैल कापड चूक झाकतं. मल्लखांबावरचा मुलगा लंगोटावरच का असतो, असं मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही. दुसरा प्रश्न बायकांच्या बुटांचा. ‘‘बोटं मोडत नसतीन का तिचे?’’ मोडत नाहीत, पण सोलवटतात, नखं काळी पडतात, फोड येतात. त्या गुलाबी रेशमी बुटाच्या टोकात लाकूड किंवा लोखंड असतं, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात असतात कापडाचे आणि कागदाचे थर, खळीने एकावर एक चिकटवून वाळवलेले. लंडनच्या ‘फ्रीड’ या १९२९ पासूनच्या कारखान्यात हे बूट आजही हाताने घडवतात. प्रत्येक कारागिराची तळव्यावर उमटवलेली वेगळी खूण असते आणि नामांकित नर्तकी आपल्या खुणेचा कारागीर सोडत नाही. मुख्य भूमिका करणारीचा नवाकोरा जोड एका रात्रीत मऊ पडून निकामी होऊ शकतो. घसरू नये म्हणून रंगमंचामागे राळेची पेटी ठेवलेली असते. नाचणारे त्यात बूट घोळवून पुढे जातात. खळ आणि राळ, दोन्ही आर्णीच्या बाजारात ओळखीच्या वस्तू. हे सांगितलं की डोकावणारं माणूस बहुधा दोन मिनिटं तरी टेकतं, आणि ती दोन मिनिटं बॅलेवेड्याच्या खात्यात आनंद म्हणून जमा होतात.

मग येतो खरा वैताग, कॅमेरा.

‘स्वान लेक’च्या तिसऱ्या अंकात काळ्या हंसिणीचे ३२ फुएते असतात. एक पाय टोकावर उभा, दुसरा हवेत चाबकासारखा फिरतो आणि त्या झटक्यावर पुरं शरीर गिरकी घेतं, एकामागून एक बत्तीस वेळा. १८९५ मध्ये पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने ते या बॅलेत आणले आणि तेव्हापासून प्रत्येक नर्तकीच्या नशिबी हा हिशोब आला. जाणकार तेव्हा नर्तकीच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. तो पाहतो उभ्या पायाखालची जागा. पहिली गिरकी जिथे झाली तिथेच बत्तिसावी झाली का, की ती हळूहळू पुढे सरकत आली? सगळी गंमत त्या टीचभर जागेत असते. आणि नेमक्या पंधराव्या-सोळाव्या गिरकीला चित्रीकरणाचा दिग्दर्शक तिच्या हसऱ्या चेहऱ्याचा क्लोजअप दाखवतो. रीलमध्ये तर आणखी दुर्दशा. उभ्या चौकटीत बसावं म्हणून दोन्ही बाजू छाटलेल्या, चायकोव्हस्कीचं मूळ संगीत काढून त्या जागी कुठलं तरी ठेक्याचं गाणं, आणि खाली मजकुराची पट्टी बरोबर पावलांवर. त्या रीलवर बोट टेकलं की पुढचे आठ दिवस मोबाइल बॅलेच्या नावाने पोट कमी करण्याचे व्यायाम दाखवत राहतो.

ही भांडणं जुनी आहेत. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर १९३० च्या दशकात हट्ट धरून बसायचा की, नाच सुरू असताना कॅमेऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस दिसला पाहिजे आणि मध्ये तुकडे पाडायचे नाहीत. आपल्याकडे व्ही. शांताराम यांना नाचाची ही भूक कळत होती. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’त गोपीकृष्ण नाचतात तेव्हा कॅमेरा मागे सरून त्यांच्या पायांना जागा देतो. यवतमाळच्या थेटरांत शांतारामांचे चित्रपट पाहत मोठ्या झालेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या पिढीची गोष्ट वेगळी. आज पंचविशी-तिशीत असलेल्या कित्येक मुलींनी पहिला बॅले पाहिला तो बार्बीच्या कार्टून चित्रपटात. त्याला नाक मुरडायचं कारण नाही. २००१ च्या ‘बार्बी इन द नटक्रॅकर’मधला नाच न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या पीटर मार्टिन्स यांनी बसवला आणि त्याच कंपनीच्या नर्तकांच्या हालचाली संगणकाने टिपून त्या बाहुलीला दिल्या. पडद्यावर नाचते प्लॅस्टिकची बाहुली, पण पावलं खऱ्या नर्तकांची आणि ती नीट दिसतात. बॅलेवेड्या मावशीला भाचीशी बोलायला एवढा धागा पुरतो.

बॅलेत पायांना एवढं महत्त्व का, हे त्याच्या जन्मापासूनच ठरलं. १६६१ साली, आर्णीशेजारच्या माहूरची देशमुखीण रायबागन कारतलबखानाच्या फौजेबरोबर उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांच्या कोंडीत सापडली, त्याच साली पॅरिसमध्ये चौदाव्या लुईने नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली. लुई स्वतः हौसेने नाचायचा. त्याचे नृत्यगुरू पिएर बोशाँ यांनी पायांची पाच स्थानं पक्की केली. आज मॉस्कोत, हवानात किंवा मुंबईत बॅले शिकायला आलेलं मूल पहिल्या दिवशी त्याच पाच स्थानांत उभं राहतं. पुढे १८७५ मध्ये उघडलेलं पॅरिसचं ऑपेरा गार्निए बांधताना रंगमंचाला प्रेक्षकांच्या दिशेने पाच टक्के उतार दिला. मागच्या रांगेतल्या नर्तकीची पावलंही दिसावीत हा त्याचा उपयोग. नाचणाऱ्यांना त्या उतारावर तोल सांभाळणं जड जातं, तरी तो उतार आजही ठेवलेला आहे.

आता आपल्या तालुक्यांतले रंगमंच पाहा. सांस्कृतिक भवन असो की शाळेचं पटांगण, मंच बांधला जातो तो भाषणासाठी. उंची चार-पाच फूट, कारण नेता दूरवरून दिसायला हवा. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतात. म्हणजे पाच फुटी मंचासमोर पहिल्या काही रांगांत बसलेल्यांना नाचणारी मुलगी पोटऱ्यांपासून वरच दिसते. उरलेलं काम कडेला ओळीने मांडलेल्या कुंड्या करतात. कुंड्यांतून काही सुटलंच तर ते साउंडवाल्याच्या तिरप्या पेट्यांमागे जातं. त्याच्यापुढे पाहुण्यांसाठी सोफे, सोफ्यांपुढे टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. सत्कार लांबतो, शाल-श्रीफळ संपत नाही, सहावीच्या मुली पावडर घामात विरघळवत विंगेत ताटकळतात. अखेर नाच सुरू होतो आणि समोरची चाळीस माणसं मोबाइल धरून उभी राहतात. जिच्या लेकीचा नाच आहे ती आई मागे टाचा उंचावून पाहते, ‘‘जरा खाली बसा ना भाऊ’’ म्हणत राहते आणि भाऊ बसत नाहीत.

मंचाची फरशी तर वेगळंच प्रकरण आहे. सिमेंटवर चकचकीत टाइल्स किंवा ग्रॅनाइट. पुसायला सोपं, फोटोत छान. उडी मारून उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पावलांवर येतो. लाकडी तळ थोडा दबतो आणि त्यातला काही भाग पचवतो. सिमेंट तो जसाच्या तसा नडगीवर आणि गुडघ्यावर परत फेकतं. म्हणून जगभरात नाचाचे तळ लाकडाचे आणि आतून पोकळ असतात. सिमेंटवर महिनाभर तालीम करणाऱ्या मुलांच्या नडग्या ठणकू लागतात, हे नाच शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे. दुर्लक्ष केलं तर हाडाला बारीक चीर जाते. यात चीड आणणारी गोष्ट अशी की, हा सागवानाचा जिल्हा आहे. टिपेश्वरपासून पसरलेल्या रानात साग उभा आहे, गावातल्या जुन्या वाड्यांच्या तुळ्या सागाच्या आहेत, आणि लेकरांच्या पायांखाली मात्र निसरडी फरशी.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यात कापसाच्या भावाचं बोलायचं सोडून बॅलेचं कसलं बोलता? प्रश्न गंभीर आहे, त्याला टोलवून चालणार नाही. पण या जिल्ह्याने शब्दांसाठी दोनदा मांडव घातला आहे. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं. २०१९ च्या संमेलनाचं उद्घाटन झालं ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. दुःख आणि कला एका मांडवात बसू शकतात, हे याच जिल्ह्याने दाखवलं. शिवाय पोरं नाचायची थांबलेली नाहीत. गणपतीत नाचतात, दुर्गोत्सवात नाचतात, वरातीत डीजेपुढे नाचतात. त्यांनी नाचावं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. कशावर नाचावं, एवढाच उरला आहे.

बॅले श्रीमंतांची चैन, हा समजही मुंबईतल्या दोन मुलांनी मोडीत काढला. मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा, आमिरुद्दीन शाह वेल्डरचा. मनीष आधी ब्रेकडान्सच्या कोलांट्या मारणारा, मग मुंबईतल्या एका नृत्यसंस्थेत येहुदा माओर या परदेशी गुरूंच्या हाती लागलेला. आमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. त्यांच्यावरून सुनी तारापोरवाला यांनी केलेला ‘ये बॅले’ हा चित्रपट फेब्रुवारी २०२० मध्ये आला. त्यात मनीषने स्वतःचीच गोष्ट दुसऱ्या नावाने साकारली. चित्रपट पाहणाऱ्याच्या लक्षात राहते ती दोघांची जिद्द. बॅलेवेड्याच्या लक्षात राहतं आणखी काही: या मुलांना रोज लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर नाचाची खोली होती, तिला नाचायचा तळ होता आणि चूक दाखवणारा माणूस होता. हे तिन्ही नसतं तर त्यांची जिद्द गल्लीतच जिरली असती. मुंबईत तुष्णा डल्लास यांची बॅले शाळा १९६६ पासून आहे. यवतमाळच्या मुलाला तिथे पोचायला रात्रभराची ट्रॅव्हल्स लागते.

महाराष्ट्राचा बॅलेशी संबंध तसा उसना नाही. रशियन बॅले नर्तकी आना पावलोवा १९२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईत येऊन गेली आणि १९२८ मध्ये पुन्हा आली. त्या दुसऱ्या खेपेला पुढे भरतनाट्यम नर्तकी झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचा नाच मुंबईत पाहिला, पुढे एकाच बोटीवर दोघींची गाठ पडली आणि आपल्या देशाचं नृत्य शोध, असं पावलोवानेच त्यांना सांगितलं. नर्तक उदयशंकर यांना १९२३ मध्ये लंडनच्या रंगमंचावर राधेसोबतचा कृष्ण म्हणून उभं केलं तेही तिनेच. मुंबईच्या लीला सोखी ‘मेनका’ या नावाने नाचू लागल्या. कथकच्या पायांवर त्यांनी भारतीय बॅले रचले, १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकवेळी भरलेल्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं मिळवली, खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. त्यांच्या मंडळीबरोबर लहानपणीच युरोप हिंडून आलेली मराठी मुलगी म्हणजे पुढच्या विख्यात कथक नर्तकी दमयंती जोशी. मेनकांचे पती साहिबसिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे संचालक होते. सापाच्या विषावरचा उतारा बनवणारी संस्था म्हणून ती आज खेडोपाडी माहीत आहे. ‘ला बायादेर’च्या नायिकेने उतारा नाकारताना पाहिलं की विदर्भातल्या प्रेक्षकाला ही आठवण व्हायला हरकत नाही. १९५२ मध्ये मुंबईत शांती बर्धन यांनी ‘लिटल बॅले ट्रूप’ उभी केली आणि माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचवून रामायण सांगितलं. ही मंडळी पुढे ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेली, महाराष्ट्राच्या हातून निसटली. आर्णीच्या बॅलेवेड्याला हा इतिहास मोबाइलवरच तुकड्यातुकड्यांनी सापडतो. एखाद्या रात्री १९३८ च्या ‘डेर टिगर फॉन एश्नापूर’ या जर्मन चित्रपटात अचानक मेनकांची मंडळी नाचताना दिसते. तेव्हा झोप उडते ती उडतेच.

आनंदांची यादी इथून सुरू होते आणि ती वैतागांपेक्षा लांब आहे.

शरद सरता सरता येणारा ‘वर्ल्ड बॅले डे’ घ्या. २०१४ पासून जगातल्या मोठ्या कंपन्या त्या दिवशी आपला सकाळचा वर्ग आणि तालीम इंटरनेटवर फुकट दाखवतात. ऑस्ट्रेलियातला वर्ग, मग लंडनचा, मग अमेरिकेतला. पडद्यावर मुकुट नाही, झगमगाट नाही; फाटके लोकरी मोजे, घामाने भिजलेले गंजीफ्रॉक आणि कोपऱ्यात पियानोवाला. जगप्रसिद्ध नर्तकीसुद्धा कठड्याला हात लावून आधी गुडघे वाकवण्यापासूनच सुरुवात करते, पहिल्या इयत्तेतल्या मुलीसारखी. आणि तिथे कॅमेरा शहाण्यासारखा लांब उभा असतो, कारण वर्गात पायच पाहायचे असतात. मध्येच लाइट जाते, वायफाय मरतं, मोबाइलचा डेटा संपत येतो. तरीही तो दिवस दिवाळीच्या आगेमागे आलेल्या आणखी एका सणासारखा जातो.

दुसरा आनंद टाळ्यांचा. पाश्चात्त्य सिंफनीच्या मैफलीत मध्येच टाळी वाजवली की शेजारी डोळे वटारतात. बॅलेत तसं नाही. अवघड तुकडा पार पडला की टाळ्या पडतात, नर्तकी थांबून वाकते, वादक थांबतात आणि खेळ पुढे सरकतो. ‘मरणारा हंस’ संपल्यावर रशियन नर्तकी माया प्लिसेत्स्काया तो प्रेक्षकांच्या आग्रहाखातर पुन्हा नाचायची. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ घेऊन बालगंधर्वांना तीच ओळ पुन्हा गायला लावणाऱ्यांच्या नातवंडांना यात परकं काय वाटणार?

तिसरा, खुणा ओळखण्याचा. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले म्हणजे ‘चल, नाचू’. अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न. मुठी आवळून मनगटांची फुली म्हणजे मरण. एवढं कळलं की १८४१ चं ‘जिझेल’ शब्दांवाचून उलगडतं: खेड्यातली भोळी मुलगी, वेष पालटून आलेला सरदार, फुलाच्या पाकळ्या खुडून पाहिलेला कौल, फसवणूक, वेड, मृत्यू. दुसऱ्या अंकात लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुतं रानात जमतात आणि वाट चुकलेल्या पुरुषाला नाचवून नाचवून मारतात. हडळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला या अंकाला तळटीप लागत नाही.

आणि चौथा आनंद सर्वांत मोठा. बॅले पाहून पाहून डोळ्यांना सवय लागते ती गावातलाच नाच नव्याने दिसण्याची. ‘ला बायादेर’मध्ये नायिकेच्या मृत्यूनंतर अफूच्या धुंदीत सरदाराला सावल्या दिसतात. पांढऱ्या वेषातल्या मुली उतरणीवरून एकामागून एक येतात, प्रत्येक जणी तेच पाऊल टाकते, एक पाय मागे उचलून क्षणभर थांबते, पुन्हा तेच. चोवीस किंवा बत्तीस मुली. जी सर्वांत आधी उतरते तिला ते पाऊल सर्वांत जास्त वेळा टाकावं लागतं आणि तिचा पाय थरथरला तर सगळी रांग थरथरते. हे पाहिलेला माणूस श्रावणात एखाद्या तांड्यावर तीजेच्या वेळी गेला, तर गव्हाचे अंकुर उगवलेल्या टोपल्यांभोवती रिंगण धरणाऱ्या बंजारा मुलींच्या फक्त घागऱ्यांकडे आणि आरशांकडे पाहत बसत नाही. रिंगण आत कधी येतं, बाहेर कधी जातं, आघाडीची बाई पाऊल बदलते तेव्हा तो बदल शेवटच्या मुलीपर्यंत कसा पोचतो, हे तो टिपतो. दिवाळीच्या सुमारास दक्षिणेकडच्या कोलाम-गोंड वस्त्यांत ढेमसा नाच सुरू झाला की त्याची नजर आपोआप खाली जाते. लेझीम तर आपल्या प्रत्येक शाळेने खेळवलेली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात महाराष्ट्राने दिल्लीला नेली तीही लेझीमच. समूहाने एका वेळी एक पाऊल टाकणं ही चीज पाहायला आपले डोळे कधीच तयार झालेले आहेत. मंच मात्र त्या लायकीचा झालेला नाही.

मागणी म्हणूनच बॅलेची नाही, फळ्यांची आहे. नगरपरिषद, शाळा किंवा मोठं उत्सव मंडळ यांपैकी कुणालाही झेपेल असं काम. मंच ३२ बाय २४ फुटांचा धरला तर आठ बाय चारच्या प्लायवुडच्या २४ शीट्स लागतात, दुहेरी थर द्यायचा तर ४८. खाली लाकडी रिपांची जाळी, रिपांखाली जाड रबराचे तुकडे, वर न घसरणारं मॅट विनाइल. गावातला सुतार हे करू शकतो. कंत्राटदार म्हणेल, पावसाळ्यात लाकूड फुगतं, वाळवी लागते. म्हणून ते कायमचं ठोकायचं नाही. सुटे तक्ते करायचे, कार्यक्रमापुरते जोडायचे आणि एरवी कोरड्या खोलीत विटांवर रचून ठेवायचे. एका शाळेने केले तर बाकीच्या शाळा भाड्याने नेतील. नवा मंच बांधायचा असेल तेव्हा उंची तीन-साडेतीन फुटांवर थांबवावी, आणि नकाशा मंजूर करणाऱ्याने एकदा खुर्ची मांडून तिथून मंचाची कड पाहावी.

बाकीच्या गोष्टींना पैसेही लागत नाहीत. कुंड्या दोन्ही टोकांना सरकवायच्या, साउंडच्या पेट्या विंगेजवळ न्यायच्या, पाहुण्यांचे सोफे चौथ्या रांगेत ठेवायचे आणि सत्कार नाच झाल्यावर उरकायचे. व्हिडीओवाल्याला आगाऊ सांगायचं की, एक कॅमेरा तिवईवर मागे लावा, पुरा मंच घ्या आणि शेवटपर्यंत हलवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाळेच्या प्रोजेक्टरवर ‘वर्ल्ड बॅले डे’चा एक तास दाखवला तर त्याच संध्याकाळी त्याच तक्त्यांवर तालुक्यातल्या तीजेच्या गाणारणींना आणि ढेमशाच्या मंडळींना मानधन देऊन बोलवावं, आणि मुलांना पुढे सतरंजीवर बसवावं. गॅदरिंगचे महिने डिसेंबर-जानेवारीचे. सुताराला दिवाळीनंतर सांगितलं तरी तक्ते वेळेत होतात.